‘दिसलाच नाही हो!’ म्हणणारा बहुतेक वेळा खरंच सांगत असतो

कोथरूडहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

‘मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत आहे. शाळा तीन किलोमीटरवर, सायकलने जातो. पंधरा दिवसांपूर्वी कडेला उभ्या असलेल्या गाडीतल्या माणसाने फोनवर बोलता बोलता दार उघडलं आणि हा दारावर आदळून पडला. कोपर सोलवटलं, हेल्मेट रस्त्यावर आपटलं. पण हेल्मेटला वरून काही झालेलं दिसत नाही. तो गृहस्थ एकच म्हणत राहिला, “दिसलाच नाही हो!” माझे मिस्टर म्हणतात सायकल बंद, रिक्षा लावू. मुलगा ऐकत नाही. सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे. रोज संध्याकाळी कर्वे रस्ता ओलांडून फिरायला जातात, त्यांचीही धास्ती वाटते. मुलाला चमकदार जाकीट आणि मोठ्या आवाजाचा इलेक्ट्रिक हॉर्न घेऊन द्यावा का? आणि असल्या बेफिकीर लोकांचं करायचं काय? परवा मिस्टर गाडीने घरी येत असताना फोनवर हाच विषय झाला. तेही म्हणाले, हल्ली रस्त्यावर कुणाचं लक्षच नसतं.’

सगळ्यात आधी ते हेल्मेट टाकून द्या. आत थर्माकोलसारखा जो जाड थर असतो, तो एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो. आपटल्यावर तो दबतो, म्हणून डोकं वाचतं. पण दबलेली जागा पुन्हा तेवढा धक्का घेऊ शकत नाही. वरचं प्लास्टिक मात्र नव्यासारखं दिसतं. टाकताना पट्टे कापून टाका, म्हणजे दुसरं कुणी उचलून वापरणार नाही. नवीन घेताना आतल्या लेबलवर ‘ईएन १०७८’ हा सायकल हेल्मेटचा मार्क आहे का ते बघा. स्कूटरचं हेल्मेट सायकलवर नको. जड होतं, उकडतं आणि मागून येणाऱ्या गाडीचा आवाज अडतो. हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर हवी, दोन्ही पट्टे कानाच्या पाळीखाली जुळायला हवेत आणि बक्कल लावल्यावर हनुवटीखाली एकच बोट जावं. मागे ढकललेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं, आणि शाळेची मुलं नेमकं तसंच घालतात.

लगेच सायकलकडेही एकदा जा आणि हँडलची दोन्ही टोकं बघा. मुठीच्या टोकाला बूच आहे का? पडझडीत ते निघून जातं किंवा मुठीचं रबर फाटून आतली पोकळ नळी उघडी पडते, आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मूल पडताना हँडल फिरतं आणि ही नळी सरळ पोटात घुसते. वरून बारीकसा गोल वण दिसतो, पण आत यकृत, प्लीहा किंवा आतड्याला मार लागलेला असू शकतो. बूच अगदी स्वस्त असतं. यापुढे कधी हँडल पोटात लागलं आणि नंतर पोट दुखलं, उलटी झाली किंवा चेहरा पांढरा पडला, तर मलम लावत न बसता सरळ दवाखाना गाठायचा.

आता तुमच्या मुद्द्याकडे. तो गृहस्थ खोटं बोलत होता असं आम्हाला वाटत नाही, आणि अडचण तिथेच आहे. डोळे एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतात, तेव्हा मधल्या क्षणात मेंदूला धड चित्रच मिळत नाही. ती फट तो अंदाजाने भरून काढतो. चौकात चालक झर्रकन डावीकडून उजवीकडे मान फिरवतो आणि त्याला रस्ता ‘रिकामा’ दिसतो. बस किंवा ट्रक अशा फटीत मावत नाही, सायकलवरचा मुलगा आरामात मावतो. त्यात मेंदू जे शोधत असतो तेच त्याला आधी सापडतं. चालक गाड्या शोधत असतो, म्हणून त्याला गाड्याच दिसतात. शिवाय समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब आहेत. गाडी आणि सायकल एकाच कोपऱ्याकडे ठरावीक वेगाने येत असतील, तर सायकल बराच वेळ त्या खांबाआडच राहू शकते. त्यावर काचेच्या मधोमध चिकटवलेलं फोनचं स्टँड, आरशाला लोंबणारी माळ आणि डॅशबोर्डवरची मूर्ती. एवढ्यात चालक फोनवर असला, तर समोर बघूनही त्याला दिसत नाही. फोन हातात असो वा ब्लूटूथवर, फार फरक पडत नाही, कारण लक्ष बोलण्यात गुंतलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो आणि हँड्स-फ्रीने तो विशेष कमी होत नाही.

म्हणून ‘चालकाच्या डोळ्याला डोळा भिडव’ हा नेहमीचा सल्ला आम्ही अर्धाच देतो. काचेवर आकाशाचं प्रतिबिंब असतं, संध्याकाळी आतलं दिसत नाही आणि डोळ्याला डोळा भिडला तरी त्याला तुम्ही दिसलात याची खात्री नसते. मुलाला सांगा, चेहऱ्यापेक्षा गाडीचं पुढचं चाक बघ. गाडी हलणार असेल तर आधी चाक फिरायला लागतं, वळणार असेल तर चाकाचं तोंड वळतं. चाकाकडे बघून घेतलेला निर्णय सहसा चुकत नाही.

उभ्या गाडीच्या दाराचं गणित त्याला प्रत्यक्ष दाखवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचं चालकाच्या बाजूचं दार पूर्ण उघडा आणि शेजारी सायकल उभी करा. दार साधारण एक मीटर बाहेर येतं. हँडल मधल्यापासून सुमारे तीस सेंटिमीटर बाजूला जातं. म्हणजे सायकलचं चाक उभ्या गाड्यांपासून निदान १.३ मीटरवर असेल, तरच उघडलेलं दार हँडलला लागणार नाही. खडूने तिथे रेघ ओढा. बहुतेक मुलं या रेघेच्या बरीच आत चालवत असतात, कारण आपण त्यांना ‘कडेने जा’ एवढंच शिकवलेलं असतं. दारावर आपटण्यापेक्षा पुढे जे होतं ते जास्त वाईट. हँडलचं डावं टोक दाराच्या कडेला अडकतं, हँडल डावीकडे फिरतं आणि अंग उजवीकडे, म्हणजे मागून येणाऱ्या गाड्यांच्या वाटेत फेकलं जातं. तुमच्या मुलाच्या मागे त्या क्षणी काही नव्हतं, म्हणून कोपरावर भागलं.

एवढं अंतर मिळत नसेल, आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मिळणार नाहीच, तर वेग कमी करायचा. ताशी वीसच्या वेगाने जाणारी सायकल दचकून ब्रेक दाबेपर्यंत धरून दहाएक मीटर खाते. ताशी दहाला चार मीटरमध्ये, म्हणजे एका लहान गाडीच्या लांबीत, ती थांबते. दोन उभ्या गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत शिरून पुन्हा बाहेर यायचं नाही. मागच्याला सायकल अचानक उगवल्यासारखी वाटते. एकच सरळ रेषा धरायची. आणि गाड्यांवर नजर ठेवायची: ब्रेकचा लाल दिवा नुकताच विझला, चालकाच्या सीटवर डोकं दिसतंय, आत फोनचा उजेड आहे, तर ते दार उघडणार असंच धरून चालायचं. रिक्षातली माणसं बहुधा डावीकडून उतरतात, म्हणून थांबलेल्या रिक्षाच्या डावीकडून घुसायचं नाही. चालत्या रिक्षाच्या मागेही अंतर ठेवायचं. कडेला हात करणारं गिऱ्हाईक दिसलं की ती डावीकडे वळणारच, इंडिकेटर असो वा नसो.

बसच्या डावीकडून पुढे जाणं मात्र कधीच नाही, सिग्नलला उभी असली तरी. डावीकडे वळताना बसची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा बरीच आतून जातात आणि फुटपाथ व बस यांच्यातली मोकळी दिसणारी जागा बघता बघता संपते. या एका गोष्टीवर मुलाशी वाद घालायचा नाही, नियम म्हणून सांगायचं.

जाकिटाबद्दल विचारलंत. पोपटी-पिवळं फ्लोरोसेंट जाकीट दिवसा उठून दिसतं, कारण ते सूर्यप्रकाशातली अतिनील किरणं शोषून उजेड बाहेर टाकतं. रस्त्यावरच्या दिव्यांखाली हा गुण जवळपास संपतो. रात्री कामाला येते ती गाडीचा उजेड उलट परतवणारी रिफ्लेक्टर पट्टी. पण मुलाच्या पाठीवर दप्तर असतं, जाकीट त्याखाली झाकलं जातं. तेव्हा पट्टी दप्तरावर शिवा आणि दुसरी घोट्याभोवती बांधा. वरखाली हलणारा घोटा ‘हा माणूस आहे’ हे चालकाला लवकर कळवतो; पॅडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर त्याचसाठी असतात, ते तुटले असतील तर बसवून घ्या. मागे लाल दिवा दिवसाही लुकलुकता ठेवा. सीटखाली लावला तर पावसाळ्यात रेनकोटाचा घोळ त्यावर येतो आणि दिवा लावूनही उपयोग शून्य. तो कॅरिअरच्या मागच्या टोकाला किंवा मडगार्डवर लावा. पुढचा पांढरा दिवा रात्री स्थिर आणि किंचित खाली झुकलेला.

ब्रेकची लिव्हर पूर्ण दाबल्यावर मुठीला टेकत असेल, तर वायर ताणून घ्या. मध्ये निदान एक बोट जागा उरली पाहिजे. रिमला घासणारे ब्रेक ओल्या लोखंडी रिमवर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत जवळजवळ पकडतच नाहीत. म्हणून पावसात चौक यायच्या आधीच हलकेच दाबून रिम कोरडी करायची सवय लावा.

सायकल बंद करावी का? आमचं उत्तर नाही असं आहे. तीन माणसांच्या जागेत सहा मुलं कोंबलेली रिक्षा आपोआप सुरक्षित होत नाही, आणि रस्ता वाचायला तेराव्या वर्षी शिकलेला मुलगा अठराव्या वर्षी जास्त चांगली गाडी चालवेल. पण एखाद्या रविवारी सकाळी त्याच्या मागून सायकलने किंवा स्कूटरने शाळेपर्यंत जा आणि फक्त बघा. कुठे तो न बघता उजवीकडे सरकतो, कुठे सिग्नल पिवळा होताना जोर लावतो, ते टिपा. मग एकदा शाळेच्या वेळेला तसंच करा. रस्ता तोच असला तरी गाड्या वेगळ्या असतात. वाटेत एखादा उजवा वळसा अवघड असेल, तर तिथे उतरून झेब्रा क्रॉसिंगवरून सायकल हातात घेऊन ओलांडायची. पाचशे मीटर लांबून जाणारी आतली गल्ली मिळाली, तर तीच पसंत करा. मुलं या गोष्टीला लाजतात, म्हणून हे तुम्ही त्याला सांगण्याऐवजी तुमच्या मिस्टरांनी स्वतः करून दाखवावं.

सासऱ्यांसाठी वेगळा हिशेब आहे. पायी चालणाऱ्यांच्या सिग्नलची वेळ बऱ्याचदा सेकंदाला १.२ मीटर चाल धरून ठरवतात. या वयात चाल ०.८ मीटरपर्यंत येऊ शकते. चौदा मीटर रुंद रस्ता ओलांडायला पहिल्या वेगाने बारा सेकंद लागतात, दुसऱ्या वेगाने साडेसतरा. त्यांना सांगा, आधीपासून हिरवा असलेला सिग्नल धरायचा नाही. तो लाल होऊन पुन्हा हिरवा झाला की पहिल्या क्षणाला निघायचं. मध्ये डिव्हायडर असेल तर अर्धा रस्ता ओलांडून तिथे थांबायला लाजू नये. मात्र मेट्रोच्या खांबाला अगदी खेटून उभं राहायचं नाही, त्याआडून निघणारा माणूस चालकाला शेवटच्या क्षणी दिसतो. खांबापासून दोन पावलं बाजूला, उघड्यावर थांबायचं. आणि वाहतूक एकाच दिशेची असली तरी दोन्हीकडे बघायचं. राँग साइडने येणारे कुठे नसतात?

सर्वात फसवा प्रसंग म्हणजे एखादा सज्जन चालक थांबतो आणि हाताने ‘या’ म्हणतो. त्याच्या पलीकडच्या लेनमधल्याला ती गाडी का थांबली ते कळत नाही, तो तिला ओलांडून सुसाट येतो, आणि थांबलेली गाडीच दोघांच्या मधला पडदा होते. म्हणून थांबलेल्या गाडीसमोरून जाताना तिच्या पलीकडच्या कडेशी पुन्हा उभं राहायचं, डोकावायचं आणि मगच पुढचं पाऊल. संध्याकाळी हातात पेटलेला टॉर्च असू द्या, खाली रस्त्यावर रोखलेला. विजेवरच्या स्कूटरचा आवाज जवळ येईपर्यंत कळत नाही, त्यामुळे कानांवर भिस्त नको.

आता जरा तुमच्या घराकडे वळतो. तुम्ही लिहिलंय की मिस्टर गाडी चालवत असताना फोनवर बोलणं झालं. तो फोन कुणीही केलेला असो, पलीकडे तुम्हीच होतात. रागावू नका, पण रस्त्यावर फोनवर बोलणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पलीकडे घरातलं किंवा ऑफिसातलं कुणीतरी असतं. ताशी चाळीसच्या वेगात दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलं, तर गाडी बावीस मीटर आंधळी जाते. मिस्टरांना आणखी एक हिशेब दाखवा. ताशी तीसने जाणारी गाडी, चालकाला दचकून ब्रेकवर पाय ठेवायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर कोरड्या रस्त्यावर साधारण तेरा मीटरमध्ये थांबते. ताशी पन्नासची गाडी तेराव्या मीटरला पूर्ण पन्नासच्या वेगातच असते, तिथे तिचा ब्रेक लागायला नुकती सुरुवात होते. तेरा मीटरवर तुमचा मुलगा असेल तर फरक सांगायला नको.

तेव्हा घरात एवढं ठरवा. फोन लावल्यावर पहिला प्रश्न ‘गाडीवर आहेस का?’ आणि उत्तर हो असेल तर पुढचं वाक्य न बोलता ठेवायचा. स्कूटरवर फोन डिकीत, हेल्मेटच्या फटीत खुपसलेला नाही. गाडीत नकाशा निघण्याआधी लावायचा, स्टँड काचेवर न ठेवता खाली डॅशबोर्डच्या कडेला. वळण्यापूर्वी मान पुढेमागे करून काचेच्या बाजूच्या खांबाआड बघायचं. गाडीतून उतरताना चालकाने दार डाव्या हाताने उघडायचं. हात लांबचा असल्याने खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे जाते. नेदरलँड्समध्ये ही सवय रुजलेली आहे, आणि तिला बाहेर ‘डच रीच’ म्हणतात. मागे मुलं बसत असतील तर उजव्या दाराचं चाइल्ड लॉक कायम लावून ठेवा, उतरायचं फक्त डावीकडून. पाच सेकंदांचं काम आहे. दाराच्या कडेला लहानशी खटकी असते.

बेफिकीर लोकांचं काय करायचं, तर रस्त्यात भांडण तर नकोच. गाडी चालवताना हातात फोन धरणं २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. महाराष्ट्र पोलिसांच्या महाट्रॅफिकॲपवर नागरिकाला नियमभंगाची तक्रार करता येते. नंबर, जागा आणि वेळ स्पष्ट असलेला फोटो लागतो. तो चालत्या वाहनावरून काढू नका, थांबून काढा.

पुन्हा असं काही घडलं आणि लागलं असेल, तर आधी ११२ किंवा १०८. जखमीला मदत करणाऱ्याला कलम १३४-अ चं संरक्षण आहे, त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. हे शेजारीपाजारीही सांगून ठेवा, लोक अजून पोलिसांच्या भीतीने मागे राहतात. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला योजनेतल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखांचे उपचार पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे. दाखल करताना तिचं नाव घ्या. गाडीचा नंबर, समोरच्याच्या विमा कागदाचा फोटो आणि उघड्या दाराचा, सायकलसह, फोटो तिथल्या तिथे काढा. भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो आणि कायद्यातली मुदत सहा महिन्यांची आहे, त्यामुळे ‘नंतर बघू’ नको. गाडी पळून गेली तरी सरकारकडून गंभीर जखमीला पन्नास हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख मिळतात.

महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला लिहिणार असाल तर ‘रस्ता सुरक्षित करा’ असं मोघम लिहू नका. शाळेजवळच्या कोपऱ्यावर लावलेल्या गाड्यांमुळे ओलांडणारं मूल दिसत नाही, तिथलं पार्किंग हटवा, असं नेमकं मागा, फोटो जोडा आणि पोच घ्या. गतिरोधक मागायचाच तर रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापाचा मागा: ३.७ मीटर रुंद, मध्ये १० सेंटिमीटर उंच, आधी सूचना फलक आणि वर रंगाचे पट्टे. बोल्टने ठोकलेल्या अरुंद प्लास्टिक पट्ट्या मोटारींना फारशा जाणवत नाहीत आणि ओल्या दिवशी सायकल घसरवतात. फुटपाथबद्दल लिहिताना किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हे त्याच संस्थेचं माप द्या. पायी चालणाऱ्यांना वापरता येईल असा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटलं आहे, तेही जोडा.

राहिला हॉर्न. घेऊ नका. काचा बंद, एसी आणि गाणी सुरू असलेल्या गाडीत तो पोचेल याचा भरवसा नाही, उलट पायी चालणारे दचकतात आणि मुलाला वाटतं, वाजवलं म्हणजे वाट मिळाली. साधी घंटी ठेवा. ती फुटपाथवरून अचानक खाली उतरणाऱ्यांसाठी पुरते. अंगठा मुठीवरून न काढता पोचेल अशा जागी ती बसवून घ्या, बऱ्याच सायकलींवर ती हँडलच्या मधोमध, हात सोडल्याशिवाय वाजवता येणार नाही अशी लावलेली असते.